मासे कुठे गेले?

नंदिनी सेलोकर हिने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या खर्चाने एक कादंबरी छापली. मोहाडीत तहसील कार्यालयासमोर तिचे झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले. तिसऱ्याने उत्तरच दिले नाही. तेव्हा तिने नागपुरात तीनशे प्रती छापून घेतल्या. शेवटच्या पानावर आपला फोन नंबर दिला आणि त्याखाली एकच ओळ छापली : ‘जिथे वाचन थांबवलेत, ती जागा सांगा.’

लोकांनी सांगितली. भंडाऱ्याच्या एका शिक्षकाने कळवले, की पहिली तीस पाने काहीच घडत नाही. नंदिनीने ती पुन्हा वाचली. पुस्तकाची मुद्रिते मी तपासली होती, म्हणून तिने मला फोन केला, “तीस नाही, बावीस.” ती बावीस पाने तिने दुसऱ्या आवृत्तीसाठी कापली. नायिका थोडी सोशिक हवी होती, असे इंटरनेटवर एकाने लिहिले. त्यावर तिने काहीच केले नाही.

कादंबरीची नायिका रेवती ही ढिवर समाजातली, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. शेवटच्या प्रकरणात ऑक्टोबरमध्ये पाऊस दगा देतो, धान निसवून लोंब्या येण्याच्या वेळी बांध्या, म्हणजे धानाची शेते, कोरड्या पडतात. गाव तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडते. धान वाचतो आणि रेवती तलावाच्या पाळीवर, बांधावर, नाचते.

एके दिवशी दुपारी दुकानात फोन वाजला.

“पुस्तकवाल्या बाई तुमीच का?”

“हो. कोन बोलून राहिल्या?”

“चंदा. मोहाडीच्या बाजारात माह्यं मासोळीचं दुकान रायते. पुस्तक पुरं वाचलं. ते रेवती शेवटी नाचली काहून?”

“गावचा धान वाचला म्हणून.”

“अन् मासे कुठं गेले?”

नंदिनीने पुस्तकाचे शेवटचे प्रकरण उघडले.

“तलाव सुकवला तुमी,” चंदाबाई म्हणाल्या. “पावसाळ्यात सोडलेलं मासोळीचं बीज तवा बोटाएवढं रायते. ते मेलं. अन् आमची बाई नाचली! पागल होती का वो ते?”

नंदिनी सिहोऱ्याच्या धानवाल्या घरातली, माझे घरही तसेच. तलावात पाणी दिसले, की आमच्या घरांना त्यात धानच दिसतो. मुद्रिते तपासताना मलाही काही खटकले नव्हते.

पुढचे कित्येक आठवडे ती बाजाराच्या दिवशी मासळीच्या रांगेत चंदाबाईंच्या शेजारी बसली. ऑक्टोबरात चंदाबाईंच्या गावचे तुडूम उघडले, तेव्हा ती त्यांच्यासोबत तलावावर गेली. पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता, आणि त्यात बोटाएवढे मासे तडफडत होते. त्यांना कोणी गिऱ्हाईक नव्हते.

“पाय जपून ठेवा,” चंदाबाई म्हणाल्या. “आमचं उभं पीक हाये.”

शेवटचे प्रकरण तिने नव्याने लिहिले. धान वाचतो, गाव नाचते, रेवती चिखलात उभी असते.

ही बातमी कृष्णरावांपर्यंत गेली. ते नंदिनीच्या वडिलांचे थोरले भाऊ, सिहोऱ्यातले मानाचे शेतकरी. पहिल्या आवृत्तीचे प्रकाशन त्यांनीच गावच्या सभामंडपात केले होते, पुतणीच्या पुस्तकाला स्वतः हार घातला होता. ते दुकानात आले आणि उभेच राहिले.

“शेवट काहून बदलून राहिली वं?”

“चुकला होता, मोठेबाबा.”

“आमी चोर झालो का मंग? तलावाच्या पान्यावर धानाचा हक्क हाये. बापजाद्यापासून हाये.”

“हाये ना. ते पुस्तकात हाये. मासे मेले, तेही रायीन.”

“मंग मंडपात कार्यक्रम होनार नाही. किल्ली माह्यापाशी हाये.”

“ठेवा तुमच्यापाशी. झाडाखाली करीन, नाही तं करनारच नाही. शेवट हाच रायीन.”

ते चहा न घेता गेले. त्या घरी नंदिनीचे जाणे त्या दिवसापासून बंद झाले.

छपाईला देण्यापूर्वी तिने नवी पाने चंदाबाईंना दिली. त्यांनी ती तिथेच, मासळीवर ओले पोते टाकून, वाचून काढली.

“आता खरं वाटते,” त्या म्हणाल्या. “फकस्त एक करा. रेवतीचा नवरा दारू पिते, ते काढून टाका. आमच्या लोकायची बदनामी होते.”

“खोटं हाये का ते?”

“खोटं कोन म्हनते?”

“मंग नाही काढत.”

“माह्या सांगन्यावरून सारा शेवट बदलवला, अन् येवढं नाही आयकत?”

“तवा तुमी खरं सांगतलं होतं, चंदाबाई. आता लपवाले सांगून राहिल्या.”

“जा मंग. घेऊन जा तुमचं पुस्तक!” त्यांनी पाने पुढे सरकवली. कडेला खवले चिकटली होती. नंदिनीने ती पुसली आणि पाने पिशवीत घातली.

त्याच संध्याकाळी तिने दुकानातल्या संगणकावरून मजकूर छापखान्यात पाठवला. प्रती पुन्हा तीनशेच. ऋणनिर्देशात पहिले नाव चंदाबाईंचे होते, दुसरे कृष्णरावांचे. मी फोनवर तिला विचारले, की दोघेही एवढे रागावले असताना नावे ठेवायचीच का.

“ठेवायची,” ती म्हणाली. “वाचून भांडले ते.”