कोऱ्या पानावरचा अंगठा

परवा कुंभार पिंपळगावच्या बाजारात थोरल्या गावचा एक जण मला म्हणाला, "तुमच्या म्हातारीनं गाव फोडलं." माझ्या हातात मेथीच्या दोन जुड्या, पाठीमागं गर्दी, तरी मी त्याला तिथंच उभं करून ऐकवलं. गाव फोडायला ते आधी एक असावं लागतं, म्हटलं. तो हसत निघून गेला. माझ्या सासूबाई, तुळजाबाई, जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांना स्वतःला उत्तर देता येत नाही, म्हणून मी लिहायला बसले. मी बेबीनंदा, वाडीच्या अंगणवाडीची बाई.

थोरल्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की लोक विचारतात, अप्पाराव सरपंच तिथलेच का, आणि मग बोलणं भलतीकडं जातं. आमची वाडी आणि ते गाव यांच्यात एक ओढा आहे. माणसं वेगळी, पाणवठा वेगळा, पण कागदावर दोन्हींची मिळून एकच ग्रामपंचायत. गट ग्रामपंचायत म्हणतात तिला. नऊ मेंबर, त्यातले सात पलीकडचे. आता तुम्हीच हिशोब करा, आमचं कोण ऐकणार होतं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात वाडीसाठी बोअर मंजूर झाला. मशीनची गाडी आली आणि ओढ्याच्या काठी थांबली. ड्रायव्हर म्हणे, गाडी फसेल. चैताचा महिना, ओढ्यात टाचही भिजत नव्हती. गाडी मागं फिरली आणि बोअर पाडला कुठं, तर अप्पाराव सरपंचाच्या गोठ्यामागं. वर त्याला दोन इंच पाणी लागलं. तिथं हापसा बसला, त्याच्याजवळ पत्र्याची पाटी ठोकली आणि पाटीवर नाव रंगवलं आमच्या वाडीचं. आम्ही बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढा ओलांडून आमच्याच नावाच्या हापशावर जायचो आणि तिथं आम्हाला सांगायचे, थांबा, आधी गावातल्या बाया भरतील.

दोन वर्षांनी निवडणूक लागली. वाडीची एक जागा बाईसाठी राखीव निघाली. कोणी उभं राहीना, म्हणून सासूबाईंना उभं केलं; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. विधवा बाई, चार एकर कोरडवाहू, तोंडाची फटकळ. त्या बिनविरोध मेंबर झाल्या. मेंबर म्हणजे काय, तर पंचायतीचा शिपाई तातेराव सायकलवर यायचा, ऐन भाकरीच्या वेळेला. हा तातेराव आमच्याच वाडीचा. पिशवीतून ठरावाची वही काढायचा, शाईचं पॅड उघडायचा आणि म्हणायचा, "हजेरी हाय, बाई." आत्याबाई पिठाचा हात पदराला पुसायच्या आणि तो दाखवील तिथं अंगठा उठवायच्या. पान वरून कोरं असायचं. तातेराव म्हणायचा, ग्रामसेवक मागून लिहितात.

मी तिथंच काटवटीत पीठ घेत बसलेली असायची. सातवी पास. मला वाचता येत होतं. पण कोऱ्या पानावर वाचायचं काय, असं मनात म्हणून मी मान खाली घालायची. एकदाही विचारलं नाही, की बाबा, मागून काय लिहितात. सगळीकडं असंच चालतं, कुंभार पिंपळगावला चालतं, आष्टीला चालतं, मग आपणच कशाला तोंड उघडा. या गोष्टीत ज्यांच्याबद्दल चीड येते त्यांच्यात मी स्वतःला धरते.

अठ्ठ्याण्णव साली वाडीनं ठरवलं, आता फुटून निघायचं. आपली ग्रामपंचायत आपली. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठका व्हायला लागल्या. आत्याबाईंचा चुलतपुतण्या काकासाहेब सगळ्यात पुढं. त्याचं म्हणणं, आपला निधी आपल्याच हातात येईल, बोअर आपल्याच दारात पडेल, दाखल्यासाठी ओढा ओलांडायला नको. बोलायचाही छान. माणसं माना डोलवायची.

विरोधात एकच माणूस उघड बोलला, मुबारकभाई. पत्रे ठोकणारा, टपऱ्या बांधणारा कारागीर. वाडीत मुसलमानांची तीन घरं. तो म्हणाला, "तुमचं बराबर हाय. पर थोरल्या गावात बाजार भरतो, त्याचा कर हाय. आपल्याकडं सव्वाशे घरं, घरपट्टी किती येनार? दिवाबत्तीला पुरायची न्हाई. आन दुसरी गोष्ट. आमचं कब्रस्तान ओढ्यापल्याड. उद्या ते म्हनतील, तुमी फुटले, तुमची मय्यत तुमच्याकडंच ठिवा. मंग आमी कुठं जावं?"

आत्याबाई एकदम भडकल्या. "मी जित्या मान्साच्या पान्याचं बोलून राह्यले आन तुमी मयताचं काढलं."

"जिता मानूसच मरतो, भाभी," मुबारकभाई शांतपणे म्हणाला. "थोरल्या गावात आमची चाळीस घरं हायती. हितं तीन. तुमी सगळे भावकीचे. तुमचं ठरलं की ठरलं. आमचं कोन ऐकनार?"

त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. मला वाटलं, राग आलाय. राग नव्हता. सकाळी उठून त्या त्याच्या ओट्यावर गेल्या. मीही मागं गेले. त्या म्हणाल्या, "मुबारकभाई, आमचं कोन ऐकनार, हे तर माझं बोलनं हाय. तुमी माझंच मला ऐकवलं. वाडी येगळी झाली तर गायरानात अर्धा एकर कब्रस्तानला. हा माझा शब्द."

मुबारकभाईची बायको जन्नतबी चहा घेऊन आली. मुबारकभाई म्हणाला, "शब्द तुमचा हाय, भाभी. ठराव कोनाचा असंल?" आत्याबाईंनी चहा घेतला.

अर्ज घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. आत्याबाई, काकासाहेब, मी आणि आणखी दोघं. साहेबांनी अर्ज वाचला, फाईल मागवली आणि हसले. "बाई, तुम्ही चेष्टा करता का? गेल्या पोळ्याच्या महिन्यात तुमच्याच पंचायतीनं ठराव केलाय, वाडीला वेगळं व्हायचं नाही, म्हणून. सूचक कोण आहे बघा." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी वाचला. वाडीतील ग्रामस्थांची विभक्त होण्याची इच्छा नसून सध्याची व्यवस्था सर्वांच्या सोयीची आहे. सूचक, तुळजाबाई. आणि त्याखाली निळा अंगठा.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याबाईंनी कागद हातात घेऊन अंगठ्याकडं पाहिलं. काकासाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तो आत्याबाईंवरच ओरडायला लागला, "काकू, तुमी काय करून ठिवलं हे?" आत्याबाईंनी कागद साहेबांना परत दिला. एसटीत बसल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "बेबी, तू तिथंच व्हतीस ना गं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आता अप्पारावांचंही सांगते, कारण त्याशिवाय माझा संताप कळणार नाही. हे अप्पाराव दरवर्षी सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंड्याखाली भाषण करायचे. मराठवाडा महाराष्ट्रात आला, त्याला काय मिळालं? आपलं पाणी दुसऱ्यांनी पळवलं, आपल्या नोकऱ्या दुसऱ्यांनी नेल्या, आपल्या तोंडाला पानं पुसली. वेगळा मराठवाडा झालाच पाहिजे. टाळ्या पडायच्या. आमच्या वाडीची पोरंही टाळ्या वाजवायची.

खूप हेलपाटे घातल्यावर वरून पत्र आलं, वाडीची वेगळी सभा घ्या, लोकांना समोरासमोर विचारा. सभा शाळेपुढं भरली. अप्पाराव, ग्रामसेवक, तालुक्याचे साहेब खुर्च्यांवर. अप्पारावांनी वही उघडून दाखवली. "ह्या तुमच्याच मेंबर बाईचा ठराव हाय. तुळजाबाई, अंगठा तुमचा हाय का न्हाई, तेवढं सांगा."

आत्याबाई उभ्या राहिल्या. "अंगठा माझा हाय. वरचं अक्षर कोनाचं हाय, ते तुमी सांगा." ग्रामसेवक वहीत बघत बसला. "आन अप्पाराव, तुमी दर साली झेंड्याखाली जे म्हंता, तेच मी म्हनून राह्यले. पुन्या-मुंबईनं तुमचं पानी नेलं, ते तुमाला दिसतं. वाडीचा बोअर तुमच्या गोठ्यामागं हाय, त्यो न्हाई दिसत?"

हशा पिकला. अप्पाराव म्हणाले, बाई शिकवलेलं बोलते, सभेत रीतसर ठराव झालाय, तारीख आहे. तेव्हा मुबारकभाई उठला. मला वाटलं, झालं, आता हा त्यांच्या बाजूनं बोलणार. तो म्हणाला, "तारीख कोनती हाय साहेब?" साहेबांनी सांगितली. मुबारकभाईनं खिशातून आपली कामाच्या हिशोबाची चोपडी काढली. "त्या दिवशी मी पंचायतीच्या हापिसाचे पत्रे बदलून राह्यलो होतो. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. छत न्हवतं, खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. सभा कुठं झाली?"

साहेबांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. "साहेब, मी फुटायच्या विरुद्ध हाय," मुबारकभाई म्हणाला. "आत्ता बी विरुद्धच हात वर करनार. पर ह्या बाईचा अंगठा खोट्यासाठी वापरला, हे माझ्या नावानं लिहून घ्या."

मग साहेबांनी सांगितलं, हो म्हणणारे लिंबाखाली, नको म्हणणारे शाळेच्या पडवीत. वाडी लिंबाखाली गेली. पडवीत मुबारकभाई आणि त्याची भावकी, सगळी मिळून अकरा माणसं. आत्याबाईंनी लिंबाखालून सगळ्यांदेखत पुन्हा सांगितलं, गायरानात अर्धा एकर. काकासाहेबानंही मोठ्यानं साथ दिली, "बिलकुल, काकू म्हनते तसंच." साहेबांनी ते ऐकलं, पण लिहिलं नाही.

दोन हजार साली आमची ग्रामपंचायत वेगळी झाली. गुलाल उधळला, हलगी वाजली. काकासाहेब सरपंच झाला. सात मेंबर, त्यात आत्याबाई आणि मुबारकभाईही. शाळेच्या एका खोलीत ऑफिस थाटलं. थोरल्या गावातून तातेरावाची बदली आपल्याकडं करून घेतली. आपला माणूस, म्हणून. पहिले चार-सहा महिने सगळं गोड होतं. बोअर वाडीतच पडला. कब्रस्तानचं काकासाहेब म्हणायचा, होऊन जाईल, जल्दी काय आहे. गायरानाच्या त्याच तुकड्यात त्यानं त्या साली सरकी टोबली होती, स्वतःचा कापूस लावला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. कोणी बोललं नाही. आम्हीसुद्धा नाही.

आणि एक दिवस भाकरीच्या वेळेला सायकल वाजली. तीच सायकल, तीच पिशवी, तेच शाईचं पॅड. "हजेरी हाय, बाई," तातेराव म्हणाला.

आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "कशाची?"

"कब्रस्तानचा इषय हाय म्हने. काकासाहेब मागून लिहितो म्हनले."

त्यांनी वही माझ्याकडं दिली. या वेळी मी पाहिली. पान वरून कोरं. खाली चार मेंबरांचे अंगठे आणि सह्या आधीच उठलेल्या. चौथी सही उर्दूत होती. मी वाचू शकत नव्हते, पण ती कोणाची हे ओळखायला वाचावं लागत नव्हतं. मी बोट ठेवून म्हणाले, "आत्याबाई, ही मुबारकभाईची."

त्या उठल्या. तव्यावर भाकरी तशीच. वही काखेत मारली आणि निघाल्या. तातेराव मागं, "बाई, वही सरकारी हाय, बाई," करत. मी चालता चालता म्हणाले, "आत्याबाई, मी लिहू का वर? अर्धा एकर गायरान कब्रस्तानला दिलं, म्हणून. सह्या तर आहेतच." त्या गर्रकन वळल्या. "मंग अप्पारावनं काय येगळं केल्तं गं?" इतक्या वर्षांत त्या माझ्यावर अशा कधी डाफरल्या नव्हत्या, आणि त्यांचं खरं होतं.

मुबारकभाई ओट्यावर पत्र्याला छिद्रं पाडत बसला होता. आत्याबाईंनी वही त्याच्यापुढं टाकली. "ही सही तुमची?"

"माझी हाय, भाभी."

"वर काय लिहिलंय?"

त्यानं पान पाहिलं. "काकासाहेब म्हनला, कब्रस्तानचं हाय, सही द्या. आता आपलंच गाव हाय ना. आपल्या मान्साला काय विचारावं, म्हनून..."

"भरसभेत माझ्या अंगठ्यासाठी उभे राह्यले तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "अकरा मान्सं घिऊन पडवीत गेले, पर खोटं बोलले न्हाई. आन आता सोताच्या मातीची सही कोऱ्या पानावर देऊन राह्यले. मंग आपन फुटलो कशाला? ओढा वलांडायचा तरास नको म्हनून?"

मुबारकभाईनं हातोडा खाली ठेवला. जन्नतबी दारात आली होती. मग त्यानं माझ्याकडं हात केला. मी अंगणवाडीचं पेन दिलं. त्यानं पत्रे आखायची लोखंडी पट्टी पानावर ठेवली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. ती त्याच्या स्वतःच्या सहीवरून गेली.

आत्याबाई तातेरावाकडं वळल्या. "पॅड काढ." त्यानं काढलं. त्यांनी अंगठा शाईत दाबला आणि बरोबर त्या रेघेच्या मधोमध उठवला. मग वही मिटून तातेरावाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काकासाहेबाला सांग, उद्या सभा पारावर घे. आधी वाचायचं, मंग अंगठा."