लाल रेघेच्या खाली दोन बोटं

नोकरीत पकडलेल्या कित्येकांचे चेहरे आता पुसट झाले. पण ज्या आरोपीला चेहराच नव्हता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. कागदावरचा लाल ठिपका, नखाएवढा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी डोंबिवलीत तपास अधिकारी होतो. मानपाड्याच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात दाबाची टाकी फुटली आणि एक कामगार जागीच गेला. टाकी चालवणारा ऑपरेटर वाचला, कारण तो दहा पावलांवर पाणी प्यायला गेला होता. ती दहा पावलंच त्याच्या गळ्याशी आली. मॅनेजरने लेखी फिर्याद दिली: ऑपरेटर जागेवर नव्हता, दाब वाढला, टाकी फुटली. मी ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली.

ऑपरेटर खाडीकाठच्या कोळी घरातला. मेलेला त्याच्याच आळीतला, त्याला कामालाही यानेच लावलेलं.

"काटा कुठे होता?" मी विचारलं.

"लाल रेघेच्या खाली, साहेब. दोन बोटं. दाब वाढलाच नाय."

माझी एक सवय होती. तीच गोष्ट तीनदा विचारायची, दरवेळी अधिक बारीक. आधी सगळा दिवस, मग तो तास, मग ती दहा पावलं. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दरवेळी फुगत जाते. नवा माणूस येतो, नवा आवाज येतो, मग आजारी मावशी येते. हा मात्र तिन्ही वेळा दोन बोटांवरच थांबला.

"साहेब, ह्याची बोटं काय हलत नाहीत," आमचे हवालदार म्हणाले.

पण दाब दाखवणारं ते काट्याचं घड्याळ स्फोटात चेचलं गेलं होतं. शिवाय मॅनेजरने फाईलला एक अहवाल जोडला होता. दोन वर्षांपूर्वी त्या टाकीला मोठ्या पाइपचा नवा जोड बसवला होता, तो झेपेल का, याचा हिशेब ठाणे शहरातल्या एका सल्लागाराने संगणकावर केला होता. सोबत रंगीत चित्र. धातूवर ताण जास्त तिथे रंग लाल; इथे टाकी निळी, जोडापाशी हिरवी, लाल कुठेच नाही.

"बघा साहेब, डिझाइन सेफ. म्हणजे चूक माणसाची," मॅनेजर म्हणाले.

मला ते चित्र फार आवडलं. आमच्या पंचनाम्यांना कुठे रंग असतो? ऑपरेटर जामिनावर घरी गेला, पण आळीत त्याच्याशी कोणी बोलेना.

आठवड्याने एक बाई पोलीस ठाण्यात आल्या. सल्लागाराच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायच्या. पिशवीत वर मेथीची जुडी, खाली घडी केलेला कागद.

"माझं नाव येणार नाही ना कुठे?"

"मी अजून विचारलंच नाही."

"हे पहिलं चित्र. कंपनीला दुसरं गेलं."

टाकी तीच. फक्त जोडाच्या मुळाशी लाल ठिपका.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभी नाक्यावरचं ऑफिस गाठलं. सल्लागार शांत, हुशार गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि चित्र बघून हसले.

"अहो, हा ठिपका खोटा आहे. कोपऱ्यात संगणक असा ताण उगाच वाढवून दाखवतो. क्लायंट घाबरतो, म्हणून शेजारच्या आकड्यांशी सरासरी काढून देतो आम्ही."

"म्हणजे एकाने खून पाहिला, शेजारच्या चौघांनी नाही पाहिला, तर सरासरीने खून झालाच नाही?"

"तसं नसतं हो ते."

"मग खोटा कसा ओळखता?"

त्यांनी समजावलं. संगणक टाकीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा ताण काढतो. संशयाच्या जागी तुकडे आणखी बारीक करत जायचे. खोटा आकडा वाढतच राहतो, खरा कुठेतरी थांबतो.

मी कप खाली ठेवला. "हे कुठे शिकलात?"

"कॉलेजात."

"मी कोठडीत. तुम्ही बारीक करून पाहिलं होतं का?"

त्यांनी चित्र पुन्हा जवळ ओढलं. "त्यांना घाई होती. असे ठिपके शंभरदा पाहिलेत, म्हणून सोडून दिला."

"आता घाई नाही."

खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि फ्रेमवाले यांना पंच म्हणून बोलावलं. शिंपी बिचारे गोंधळले. "साहेब, मी बघायचं काय?"

"आकडा वाढतो की थांबतो, तेवढंच."

जोडाच्या कोपऱ्याला वेल्डिंगमुळे प्रत्यक्षात असते तेवढी गोलाई धरून सल्लागारांनी हिशेब पुन्हा लावला. पहिल्या फेरीत आकडा वाढला. "बघा," ते म्हणाले, आणि त्यांना जरा हुशारी आली. दुसऱ्या फेरीत थोडाच वाढला. तिसऱ्या फेरीचा निकाल यायला दुपार टळली.

"थांबला की हो," शिंपी म्हणाले.

सल्लागारांनी चष्मा काढून पुसला. "टाकीत दाब दिवसातून कितीदा चढायचा?"

"पाच-सहा वेळा."

"मग तडा हळूहळू गेला असणार. रोजच्या दाबाने."

पोलीस ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली टाकीचे तुकडे पडले होते. कारखाने निरीक्षकांना बोलावून जोडाची फुटलेली कड धुऊन घेतली. अर्धी चकचकीत, अर्धी काळी, गंजलेली. काळा भाग जुना, म्हणजे टाकी आतून केव्हाच फाटत आली होती. आम्ही रोज चहाचे ग्लास घेऊन त्या तुकड्यांच्या शेजारून जात होतो.

ऑपरेटरचं नाव आरोपींतून निघालं. सल्लागारांनी जबाबात स्वतःच लिहून दिलं, "न तपासता मी तो ठिपका खोटा ठरवला." माझी चूक लिहायला जबाबात रकाना नव्हता, म्हणून इथे लिहितो. माणसाला मी तीनदा विचारलं, चित्राला एकदाही नाही. माणूस घामेजलेला होता आणि चित्र सुंदर होतं, एवढंच कारण. त्यानंतर समोर येणारा कागद जितका नीटनेटका, तितके जास्त प्रश्न मी त्याला विचारत आलो.

सुटल्याचं सांगितलं तेव्हा ऑपरेटर हसलाही नाही. "कोर्टाचं राहू द्या साहेब. त्याच्या आयेला तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाय."

गणवेशातच गेलो. मेलेल्या कामगाराची म्हातारी आई ओट्यावर सूप घेऊन सुकट निवडत होती. ऑपरेटर माझ्या मागे उभा. तिने मान वर केली नाही.

"काटा कुठं होता?" तिने विचारलं.

"लाल रेघेच्या खाली. दोन बोटं."

तिने सूप उचलून पलीकडे ठेवलं आणि ओट्यावर एका माणसाची जागा केली. ती माझ्यासाठी नव्हती.