शून्य पीएचचे सर

आमचे पीएचडीचे गाइड माझ्यावर फक्त मराठीत ओरडायचे. झाँसीतल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघेच मराठी. बाकीच्यांशी ते हिंदीत बोलत, नावापुढे 'जी' लावून. माझ्याकडे वळले की, "अक्कल ओरछा गेटला ठेवून आलीस का?" आमचं घर तिथे होतं. बाकीच्या मुलांना मराठी कळत नसे, म्हणून ती उलट मलाच म्हणत, "दीदी, सर आपसे कितने अपनेपन से बोलते हैं!" घरी जी भाषा मी आईशी बोलायचे, ती प्रयोगशाळेच्या दारात ऐकू आली की मी हातातलं भांडं आधी खाली ठेवायचे.

मुलांनी त्यांचं नाव 'पीएच शून्य' ठेवलं होतं. म्हणजे जहाल आम्ल.

आमचं कामही आम्लाचंच. साखरेचं पाणी आम्लाबरोबर तापवलं की एक द्रव्य मिळतं. त्यातून पुढे प्लास्टिक बनवता येतं. पण जरा चुकलं की भांड्यात नुसतं काळं डांबर. सर दारातूनच बघायचे. "काळं झालं? फेकून दे." का झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

बाजारातल्या साखरेऐवजी वाळलेला महुआ, म्हणजे मोहाची फुलं घ्यावीत, हे माझं डोकं. फुलांत साखर भरपूर, आणि बुंदेलखंडात महुआला काय तोटा! "मग दारूच्या भट्टीवर जा," सर म्हणाले. पातळ आम्लाऐवजी घट्ट आम्लाचे बारीक मणी वापरून तोच प्रयोग जमला, तेव्हा पाहुण्यांना सांगताना मात्र, "यह मेरा पुराना विचार था जी."

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. वजन करायला मला त्यांनीच शिकवलं. पदार्थ पूर्ण वाळेपर्यंत तराजूला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणूनच मला कळलं की महुआतून किती द्रव्य मिळालं याचा एकदा आलेला भरघोस आकडा खोटा होता. पदार्थ ओलाच राहिला होता. पुढे चार वेळा केलं. चारही वेळा जेमतेम निम्मं.

"पहिलाच आकडा लिही," सर म्हणाले.

"सर, तो ओल्याचा आहे."

"तुला पदवी हवी आहे ना?"

मी लिहिला नाही. त्यांनी माझ्या वह्या ठेवून घेतल्या, मला काढलं आणि शोधनिबंध एकट्याच्या नावावर तोच आकडा घालून छापला. दुसऱ्या विभागात, दुसऱ्या विषयावर मी पहिल्यापासून सुरुवात केली. त्या वर्षांत बाबांनी मला एकदाही 'कधी संपणार' असं विचारलं नाही. त्यांच्या त्या न विचारण्याचाच मला जास्त त्रास झाला.

सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेले, कारण तोवर मी तिथेच शिकवत होते. मंचावर जाण्याआधी ते माझ्याजवळ थांबले आणि हळूच मराठीत म्हणाले, "तुझंच बरोबर होतं गं."

मी म्हटलं, "हिंदी में कहिए, सर. माइक पर."

त्यांनी चष्मा पुसला आणि वर जाऊन नुसते सगळ्यांचे आभार मानले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. निबंध अजून आहे. तो वाचून दरवर्षी एखादी मुलगी महुआ घेऊन बसते, महिनोन्महिने राबते आणि रडवेली होऊन माझ्याकडे येते. "मैडम, मुझसे ही नहीं हो रहा."

मी तिला बसवते. "किसी से नहीं हुआ था, बेटा," म्हणते, आणि कुणी खोटं लिहिलं ते नावानिशी सांगते.