आम्ही बंद पाडलेला बार

आमच्या गल्लीतला बार आम्ही बायकांनी बंद पाडला. चौकातल्या बॅनरवर तरी तसं छापलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'रणरागिणींच्या लढ्याला यश', खाली हात जोडलेले स्थानिक नेते, शेजारी त्यांचा मुलगा, मुलाचे गॉगल घातलेले मित्र, आणि उरलेल्या कोपऱ्यात आम्ही रणरागिणी. माझा अर्धा चेहरा बॅनर बांधायच्या दोरीखाली गेला होता. खरं म्हणजे बारमालकाच्या जागेवर बिल्डरचा डोळा होता, दोघांचं जमलं आणि बार बंद झाला. पण बिल्डरला रणरागिणी म्हणता येत नाही.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, आमच्या बिल्डिंगच्या अगदी समोर हा बार होता. नाव सांगत नाही. देवाचं होतं, आणि त्यापुढे 'परमिट रूम अँड फॅमिली रेस्टॉरंट'. त्यातली फॅमिली कधी कुणाच्या नजरेस पडली नाही. मालक इथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. बार होता तिथे पूर्वी त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं. बाहेर ऑम्लेट-पावाची गाडी, चणे-शेंगदाणेवाला, पानटपरी आणि सवारीची वाट बघणाऱ्या रिक्षा. आमच्या गल्लीत झगमगाट म्हणून जो काही होता, तो एवढाच.

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीची बस चौकात सोडायची. चौकापासून घरापर्यंत वाटेत दोनच ठिकाणं लागायची, मारुतीचं देऊळ आणि बार. देवळाला ते बाहेरून नमस्कार करायचे.

घरात हा माणूस बोलत नसे. भांडत नसे, रुसत नसे, नुसता बोलत नसे. 'मीठ', 'पंखा' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांत त्यांनी अख्खा संसार केला. लग्न ठरलं तेव्हा आईने मला कौतुकाने सांगितलं होतं, "मुलगा शांत आहे हो." किती शांत, हे तिने विचारून घेतलं नव्हतं.

प्यायचेही बेतानेच. सरळ चालत यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि आपलं ताट उचलून मोरीत ठेवायचे. त्यामुळे महिला मंडळात माझी फार पंचाईत व्हायची. कुणाचा नवरा जिन्यात झोपलेला, कुणाचा दुसऱ्याच्या दाराशी उभा राहून 'किल्ली का लागत नाही' म्हणून बायकोच्या नावाने ओरडलेला. प्रत्येकीकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. माझा नवरा जेवून ताट उचलतो, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार?

तरीही बारविरोधात मी सगळ्यांत पुढे होते. राग दारूचा नव्हता. संध्याकाळच्या संध्याकाळी हा मुका माणूस तिथे बसून करतो काय, याचा होता.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. त्यांचा आवाज असा की सभेत माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. 'आडवी बाटली करायची,' असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे वॉर्डातल्या बायकांनी मागणी करायची, मग मतदान होतं, आणि आडव्या बाटलीच्या बाजूने मतं पडली की दारूचं दुकान बंद. आम्ही अर्ज दिला. तो कुठल्याशा टेबलावर जाऊन बाटलीच्या आधी स्वतःच आडवा झाला. मग बारसमोर धरणं धरायचं ठरलं.

उन्हाचे दिवस होते. आम्ही सतरंजी टाकून बसलो, भजनं सुरू केली. थोड्या वेळाने बारमधून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आल्या, मागून थंड पाण्याचे जग. मालक स्वतः आला, हात जोडून म्हणाला, "वयनी, खाली बसू नका, फरशी तापलीय. घोषना खुर्चीत बसून पन देता येतात."

अध्यक्षबाईंनी बाणेदारपणे पाणी नाकारलं. नंतर ऊन वाढलं तसा बाणेदारपणा वितळला आणि आम्ही बारच्या खुर्च्यांत बसून, बारचं पाणी पिऊन, बार मुर्दाबादच्या घोषणा दिल्या. आमचे नवरे तोवर मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघराच्या दाराने आत जाऊन बसले होते. आमची भजनं त्यांना आत छान ऐकू येत होती, असं पुढे कळलं.

या लढ्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मग बिल्डर आला, मग बॅनर लागला, आणि आम्हाला समजलं की आपण जिंकलो.

बार बंद व्हायच्या आदल्या रविवारी सकाळी मालक आमच्या मंडळाच्या खोलीत आला. आम्ही हळदीकुंकवाच्या वाणाचा विषय काढून बसलो होतो. दारात चपला काढून तो उभा राहिला.

"वयनी, येवडी वर्सं बाहेरून शिव्या दिल्या. येक डाव आतून बगून तरी जावा. आज दुपारचं जेवन माज्याकडे. बाकी काय नाय, फक्त जेवन. गिऱ्हाईक कोन नसल."

तो गेला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? नावं ठेवणाऱ्या आपणच की," मी म्हटलं.

हा मुद्दा त्यांना पटला. "आज चतुर्थी वगैरे नाही ना?" त्यांनी विचारलं. कॅलेंडर पाहिलं. नव्हती.

गेलो आम्ही. पुढच्या दाराने कुणी बघेल म्हणून मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघराच्या दाराने.

आत काय असेल याच्या माझ्या कल्पना टीव्हीवरून आलेल्या होत्या. लाल दिवे, धूर, निदान एखादं झुंबर. प्रत्यक्षात कोपरे उडालेली सनमायकाची टेबलं, भिंतीवर गणपती आणि एका पतपेढीचं कॅलेंडर, आणि मासे नसलेला एक फिशटँक. एवढ्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर सरळसरळ निराशा दिसत होती.

जेवण मात्र असं होतं की पहिल्या घासानंतर भजनी मंडळ गप्प झालं. कुरकुरीत बोंबील, चिकनचा रस्सा, गरम भाकरी. "हे इथं मिळायचं?" शेजारची बाई पुटपुटली. "आणि आमच्याकडे येऊन माझी वांग्याची भाजी खायचे?" नवऱ्याबद्दल तिला पहिल्यांदाच दया आलेली मी पाहिली.

तेवढ्यात एक वयस्कर वेटर भाकरी वाढायला आला, माझ्याकडे बघत थबकला आणि मालकाकडे वळला. "शेठ, या त्याच ना? सापवाल्या?"

मालक हसला. "त्याच. सायबांच्या वयनी."

वेटरने भाकऱ्यांची टोपली माझ्याच टेबलावर ठेवली आणि आत हाक मारली. स्वयंपाकघरातून आचारी आला, मागून भांडी घासणारा आला. सगळे मला असे बघायला लागले, जणू मी निवडणुकीला उभी होते.

"कसला साप?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"असं काय, म्हाईत नाय तुमाला?" मालकाने खुर्ची ओढली. "यांच्या मोरीत नाग आला होता. ह्यो येवडा, सा फुटी. फना काढून. साहेब सोता सांगत, मी कॉटवर चढून बसलो, आन् हिने येका हातात झाडू, येका हातात बादली, नागाला म्हनाली, पाय पुसून यायचं, नाय तर यायचं नाय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. खरी गोष्ट अशी की मोरीत एक हातभर, बिनविषारी दिवड आलं होतं, ते मी झाडूने बाहेर लोटलं होतं आणि लोटताना भीतीने रडत होते. 'पाय पुसून' वगैरे मी काही बोलले नव्हते. ह्यांचं कॉटवर चढणं तेवढं खरं होतं.

"आन् उल्हासनगरचं सांगा ना, शेठ," आचारी म्हणाला.

माझा तेव्हा साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायचा छोटा धंदा होता. फॉल आणि लेस घ्यायला मी उल्हासनगरला जायचे आणि घासाघीस करायचे, सगळ्याच करतात. पण बारमध्ये ती गोष्ट अशी चालू होती की मी सिंधी दुकानदाराशी इतका वेळ भाव करत बसले की शेवटी तो गल्ल्यावरून उठला आणि हात जोडून म्हणाला, "भाभी, आप इधर बैठो, मैं आपके घर जाके फॉल लगाता हूँ."

"आणि हे काय करत होते तेव्हा?" मी विचारलं.

"साहेब म्हनतात, मी दुकानाबाहेर उभं राहून वळकच दाखवली नाय."

माझ्या मनात नेमकं काय चाललं होतं ते सांगता यायचं नाही. संताप होताच. माझ्या पाठीमागे, माझ्याच घरासमोर, अनोळखी माणसं वर्षानुवर्षं मला हसत होती. पण ती हसत होती असंही म्हणता येईना. वेटर मला वाढताना जरा वाकत होता. आणि मला राहून राहून वाटत होतं, हा कोण माणूस आहे, ज्याला सहा फुटी नाग रचता येतो? माझ्याकडे जो राहतो तो तर 'मीठ' म्हणतो.

उठताना मालक हळूच म्हणाला, "वयनी, तुमचं ऑपरेशन झालं ना, तवा साहेब दवाखान्यातून हितं यायचे. काय मागवायचे नाय. बसून ऱ्हायचे. त्या दिसांत आमाला येक पन गोष्ट नाय सांगितली. आमी पन विचारलं नाय."

दवाखान्यात मला ते रोज एकच विचारायचे, "बरं वाटतंय?" आणि मी काही म्हटलं की म्हणायचे, "बघू."

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत होते. मी पदर खोचला आणि विचारलं, "साप केवढा होता हो?"

पेपर खाली आला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं.

"लहान होता," ते म्हणाले.

"मग सहा फूट कुणी केला?"

पेपरची घडी घालत ते म्हणाले, "तिथे लहान साप चालत नाही."

आमच्या संसारातलं त्यांचं हे सगळ्यांत लांब उत्तर असावं.

मग बार पाडला. आमच्या विजयाची फळं आम्ही सगळ्या चाखू लागलो. बोर्डाचा उजेड गेला, तशी गल्ली अंधारी झाली. गिऱ्हाईक नाही म्हणून ऑम्लेटवाला गेला, चणेवाला गेला, रिक्षा चौकातच थांबायला लागल्या. स्टेशनवरून उशिरा येणाऱ्या मुली पूर्वी त्या उजेडातून निवांत यायच्या. त्या आता मोबाईलची बॅटरी लावून पळत येऊ लागल्या. 'महिलांच्या सुरक्षेसाठी' हे आमच्या अर्जातलं पहिलं वाक्य होतं.

नवरे काही प्यायचे थांबले नाहीत. काही गच्चीवर गेले, काही पार्क केलेल्या गाड्यांत, आणि अध्यक्षबाईंचे तर घरातच बसायला लागले. "बाई गं," एकदा त्या मला जिन्यात म्हणाल्या, आवाज शक्य तितका खाली आणून, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच, "आधी निदान बाहेर तरी होते. आता रोज बर्फ काढून द्या, कांदा चिरून द्या. मी काय वेटर आहे?"

आमच्या ह्यांनी सोडलीच. समोरचा बार गेला म्हटल्यावर लांब जायचा त्यांना कंटाळा. तोवर रिटायरही झाले होते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद करून. मी बरेच प्रयत्न केले. कांदाभजी केली, समोर बसले, म्हटलं, "सांगा ना काहीतरी. ते उल्हासनगरचं सांगा."

"तू होतीस की तिथे."

"तरी सांगा."

"तुला काय सांगायचं?" ते खरंच गोंधळून म्हणाले. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. नायिकेलाच गोष्ट कशी सांगणार? तिला खरा साप माहीत असतो.

मागच्या महिन्यात चिखलोलीला एका भाचीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. तिकडे स्टेशन येणार येणार म्हणून फ्लॅट विकले जातायत. स्टेशन यायचं तेव्हा येईल, ट्रॅफिक आधीच आलंय. संध्याकाळी रिक्षाने परतताना आम्ही त्यात असे अडकलो की मी म्हटलं, "उतरू या. इथेच कुठेतरी जेवू." समोर हायवेच्या कडेला एक फॅमिली रेस्टॉरंट अँड बार होता. या वेळी आम्ही पुढच्या दाराने गेलो.

चकचकीत होतं. मेनू मोबाईलवर, वेटरच्या कानात काहीतरी खुपसलेलं. ह्यांनी कितीतरी दिवसांनी एक बिअर मागवली, मी लिंबू सरबत. बराच वेळ दोघंही गप्प. मला वाटलं, झालं, इथेही तेच.

मग शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थाने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काका, तुम्ही इकडचेच का?"

"अंबरनाथच्या कंपनीत होतो," हे म्हणाले. घोट घेतला. खुर्ची जराशी त्या माणसाकडे वळवली. "पहिल्याच दिवशी काय झालं, सांगतो. साहेबाने मला विचारलं, वास येतोय का रे? मी म्हटलं, नाही..."

आणि सुरू झाले. हातवारे, साहेबाचा आवाज वेगळा, वॉचमनचा वेगळा. शेजारचा माणूस जेवायचं सोडून ऐकत होता, त्याची बायकोही. गळक्या व्हॉल्व्हचा शोध, वॉचमनची सायकल, आणि शेवटी कळतं की वास साहेबाच्याच डब्यातल्या सुकटाचा. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. मध्येच ते अडखळले, मी न राहवून "मग?" म्हटलं, आणि त्यांनी मान वळवून पुढचं सगळं मला सांगितलं, माझ्याकडे बघून.

गोष्ट बरी होती. वॉचमनच्या सायकलीपाशी जरा लांबवली, तसं मी त्यांना परतीच्या रिक्षात सांगितलं.