साचेवाल्यांचा निरोगी लॅपटॉप

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना साचेवाले म्हणत. पायाच्या मापाचा साचा मशीनवर कोरून काढणं हे त्यांचं काम आणि स्वतःच्या लॅपटॉपचे गोडवे गाणं हा छंद. लॅपटॉपवर विंडोज नव्हे, लिनक्स होतं. "व्हायरस? तो विंडोजवाल्यांचा ताप. आपल्याला साधी शिंकही येत नाही," असं ते चहा पिता पिता सांगत, कुणी विचारलेलं नसतानाही.

कोरणारं मशीन मात्र जुनाट विंडोजवर चाले. नव्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम उघडतच नसे, म्हणून त्याला इंटरनेटपासून चार हात दूर ठेवलेलं. पायांची मापं घ्यायला एक बाई होत्या; ती मापं पेन ड्राइव्हवरून मशीनकडे जात. मापवाल्या बाईंनी ती थेट मशीनला लावायची नाहीत, आधी साचेवाल्यांच्या लॅपटॉपवर 'धुऊन' घ्यायची, असा त्यांचा कडक नियम होता. धुणं म्हणजे काय, तर फाइल उघडून बघायची आणि मान डोलवायची.

त्या दिवशी सकाळी एक शिक्षिका आल्या. जुन्या कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे खुंट बसतो तो भाग, तडकलेली, हातात कुबड्या. सहा महिन्यांची रजा संपत होती. उद्या शाळेत हजर झाल्या नाहीत, तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार होता. संध्याकाळी सहाची बस होती.

अर्धा साचा कोरून मशीन थांबलं. पडद्यावर प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं, उघडायला जावं तर कुलूप. साचेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग नेहमीप्रमाणे ते मापवाल्या बाईंवर घसरले.

"तुम्हीच आणलात हा व्हायरस! सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा!"

बाईंनी पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यापुढे ठेवला. शिक्षिका घड्याळाकडे बघत होत्या.

बाईंचा गुन्हा पकडायचाच म्हणून साचेवाल्यांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. मापांच्या शेजारी दोन अनोळखी फाइली होत्या. तारीख रविवारची. रविवारी हाच पेन ड्राइव्ह खिशात घालून ते मेहुण्याकडे गाणी आणायला गेले होते. सोमवारी त्या फाइली त्यांना दिसल्याही होत्या. 'आपल्याकडे कुठे चालतात' म्हणून त्यांनी तशाच राहू दिल्या होत्या. लॅपटॉपला काही झालं नव्हतं, पण आजार त्यांनीच पोचता केला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मापं लॅपटॉपवर सुखरूप होती, पण कोरायला मशीन नव्हतं. आता साचा हातानं, प्लास्टरचाच काढावा लागणार होता. ती हातोटी कारखान्यात एकट्या मापवाल्या बाईंनाच होती. मशीन आल्यावर याच साचेवाल्यांनी त्यांना प्लास्टरवरून उठवून मापांच्या टेबलावर बसवलं होतं.

"बाई, प्लास्टर... संध्याकाळपर्यंत जमेल?"

"जमेल," बाई म्हणाल्या. "पण आधी यांना सांगा, व्हायरस कुणी आणला."

साचेवाले शिक्षिकांकडे वळले.

"मी आणला. यांचा काही दोष नाही."

"बरं," शिक्षिका म्हणाल्या, "मग तुम्ही प्लास्टरला पाणी आणा." आणि त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या.

बाईंनी बाह्या वर केल्या. साचेवाले बादली घेऊन नळाकडे धावले.