मालतीअक्कांची पोरं

मालतीअक्का तीन वर्षांच्या पोरांनाही अहो-जाहो करायच्या. "अहो रेणुकाबाई, दोन घास खाऊन घ्या." "हणमंतराव, नाक पुसा बघू." पहिल्या भेटीत मला हसू आलं. अक्का मात्र गंभीर होत्या. "ह्यांच्या आयांना दिवसभर 'ए, इकडं ये' म्हणतात. पोरांच्या कानावर दुसरंबी काही पडू दे की."

अक्का निपाणीच्या, लग्नानंतरचा सगळा जन्म बेंगळुरूत गेला. सर्जापूर रोडवर मोठं बांधकाम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी आमच्या कंपनीने समाजकार्याच्या निधीतून पाळणाघर काढलं होतं. ते अक्का चालवायच्या. कंपनीतर्फे देखरेख माझ्याकडे. पत्र्याची खोली, पण आत शिरताच नाचणीच्या पेजेचा वास यायचा.

एकदा मोठे साहेब फोटोग्राफर घेऊन आले. मुलं नुकतीच झोपली होती. "उठवा ना, पाच मिनिटांचं काम," मी कुजबुजले.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "पण उठली की काढा फोटो. रात्री डासांनी झोप होत नाही त्यांची. स्वल्प बसा, चहा करते." आणि साहेब खरंच पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर काढून बसून राहिले.

इमारती पूर्ण झाल्या. मजुरांचं पुढचं काम के. आर. पुरमकडे निघालं. पाळणाघर तिकडे हलवा, असं अक्का म्हणत होत्या. मी वर मागणी केली, पुन्हा केली. पण निधी आता शाळांतल्या कॉम्प्युटरसाठी ठरला होता. अक्कांना ते सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग ह्या बायांनी लेकरं ठेवायची कुठं गं?"

मजुरांना न्यायला टेम्पो आला, तेव्हा रेणुका अक्कांचा पदर सोडेना. तिच्या आईने, यल्लम्माने, एकेक बोट सोडवलं. टेम्पो गेल्यावर अक्का चटया झटकत बसल्या. झटकलेल्याच पुन्हा झटकत होत्या.

पुढे एकदा त्या खाऊ घेऊन के. आर. पुरमला गेल्या. फाटकावरच्या माणसाने अडवलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" अक्का तशाच परतल्या. मला म्हणाल्या, "कोण म्हणून सांगायचं, सुचलंच नाही बघ." खाऊचा डबा मांडीवर तसाच होता.

त्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त होऊन अक्का गेल्या. स्मशानात आम्ही मोजकी माणसं. ज्यांना कळवायला हवं होतं, त्यांचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

काही महिन्यांनी एचएसआर लेआउटमध्ये एका बांधकामाजवळून जाताना कुणीतरी हाक मारली. यल्लम्मा. डोक्यावर वाळूचं घमेलं. "अक्का हेगिद्दारे?" तिने हसून विचारलं. अक्का कशा आहेत?

मी सांगितलं. तिने घमेलं उतरवलं आणि तिथेच वाळूत बसली, पदर तोंडावर घेऊन. वरून मुकादम ओरडला. ती उठली, डोळे पुसले. घमेलं डोक्यावर चढवायला मी हात लावला.

"रेणुका?" मी विचारलं.

तिने मान न हलवता नजरेने वर दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर, कठडा नसलेल्या कडेशी, रेणुका धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.