सैल टाका

संधिवाताने बायकोची बोटं आखडली आणि नातीचा लोकरीचा स्वेटर अर्ध्यावर राहिला. म्हटलं, मी पुरा करतो. चार ओळी विणल्या. पाचवीला सुई टाक्यात शिरेचना. जोर लावला, तर सुईच वाकली. मी चिडलो, तशी शेजारी बसलेली ती हसली. "अहो, फायलीची नाडी बांधताय का? हात सैल सोडा."

खरंच होतं ते. सगळी नोकरी कचेरीत गठ्ठे आवळण्यात गेली. आवळलं की टिकतं, एवढंच मला ठाऊक. घरातही तसाच वागलो असेन. पण विणलेला टाका आवळल्याने टिकत नाही. त्यातून पुढचा टाका जातो, म्हणून टिकतो. त्या पुढच्यासाठी आधीच जागा ठेवावी लागते.

माझ्या चारही ओळी मी उसवल्या. खाली तिची शेवटची ओळ दिसू लागली. बोटं दुखत असतानाही तिने प्रत्येक टाका मोकळा सोडला होता. म्हणून तर माझी पहिली ओळ इतकी सहज विणली गेली होती, आणि मला वाटलं होतं, जमलं की आपल्याला!